चाच्यांना तीन महिन्यांत संपवणारा रोमन सेनापती पॉम्पी आणि त्याची रोमला मोजावी लागलेली किंमत

इ.स.पू. ६७ चं वर्ष. रोम शहरात धान्याचे भाव आभाळाला भिडले होते. लाखोंच्या वस्तीच्या या शहराचं पोट सिसिली, सार्डिनिया आणि उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या धान्यावर चालायचं आणि ते धान्य यायचं समुद्रमार्गे. पण समुद्रावर राज्य होतं चाच्यांचं. जहाजं निघायलाच तयार नव्हती.

अशात एके दिवशी चाच्यांविरुद्धच्या मोहिमेसाठी एका माणसाची नेमणूक जाहीर झाली आणि त्याच दिवशी बाजारातले धान्याचे भाव कोसळले. अजून एकही युद्धनौका बंदरातून हलली नव्हती, एकही चाचा पकडला गेला नव्हता. नुसतं नाव ऐकूनच बाजार शांत झाला होता.

ते नाव होतं ग्नेयस पॉम्पीयस मॅग्नस, म्हणजेच पॉम्पी. ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पॉम्पेई हे शहर वेगळं, त्याचा या माणसाशी संबंध नाही.

पॉम्पीने भूमध्य समुद्र तीन महिन्यांत मोकळा केला. ही मोहीम आजही कमी वेळात झालेल्या मोठ्या लष्करी मोहिमांचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण त्यासाठी रोमने एका माणसाच्या हातात जेवढी सत्ता दिली, तिची कथा या विजयाइतकीच महत्त्वाची आहे. दोन्ही गोष्टी सुरुवातीपासून समजून घेऊ.

चाचे एवढे माजले कसे?

चाच्यांचा मुख्य अड्डा होता सिलिशिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण किनारा. मागे टॉरस पर्वताच्या रांगा, समोर खडकाळ किनारा आणि लपायला शेकडो खाड्या. लुटारूंना याहून सोयीची जागा मिळणं अवघड होतं.

या भागात आधी दोन सत्तांचा वचक होता. एक सीरियातलं सेल्युकिड राज्य आणि दुसरं रोड्स बेट. रोड्सचं आरमार समुद्रावर गस्त घालायचं आणि त्याचा खर्च बंदरातल्या जकातीतून निघायचा. इ.स.पू. १६६ च्या सुमाराला रोमने रोड्सवरचा राग काढण्यासाठी जवळचं डेलॉस बेट करमुक्त बंदर करून टाकलं. व्यापार तिकडे वळला, रोड्सचं उत्पन्न आटलं आणि गस्तही ढिली पडली. दुसरीकडे सेल्युकिड राज्य आपापसातल्या भांडणांनी पोखरून निघालं होतं.

आता यातला खरा घोळ बघा. डेलॉस पुढे गुलामांचा मोठा बाजार बनलं. एका दिवसात दहा हजार गुलामांची उलाढाल करण्याची या बेटाची क्षमता होती, असं भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. हे गुलाम कुठून यायचे? बऱ्याच प्रमाणात चाच्यांनी पळवून आणलेली माणसं इथे विकली जायची. आणि घेणारे कोण? इटलीतल्या मोठमोठ्या शेतजमिनींचे श्रीमंत रोमन मालक.

म्हणजे गस्त बंद पडण्याला रोमचंच धोरण कारणीभूत होतं आणि चाच्यांचा मालही रोमचेच लोक विकत घेत होते. त्यामुळे कित्येक वर्षं या प्रश्नाकडे कुणी गांभीर्याने पाहिलंच नाही.

पुढे काळ्या समुद्राकाठच्या पाँटस राज्याचा राजा मिथ्रिडेटिस याने रोमविरुद्ध युद्ध पुकारलं आणि चाच्यांना आपल्या बाजूला ओढलं. त्यांना पैसा आणि राजाश्रय मिळाला. युद्धांनी देशोधडीला लागलेले लोकही त्यांच्यात सामील होत गेले. त्यांच्याकडे हजाराहून जास्त जहाजं होती आणि त्यांनी चारशे शहरं काबीज केली होती, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. त्यांची वल्ही चांदीने मढवलेली आणि जहाजांवरची छतं जांभळ्या कापडाची असायची. जांभळा रंग त्या काळी सगळ्यात महाग होता. थोडक्यात, धंदा जोरात होता आणि तो दिसावा अशी त्यांची इच्छाही होती.

थेट रोमच्या दारात

इ.स.पू. ७५ च्या सुमाराला एका तरुण रोमन माणसाला चाच्यांनी एजियन समुद्रात पकडलं. त्यांनी २० टॅलेंट खंडणी मागितली. एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी. या पोराने त्यांनाच हसत सुनावलं, की मी कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, निदान ५० तरी मागा. ३८ दिवस तो त्यांच्या कैदेत राहिला. सुटल्यावर तुम्हाला सगळ्यांना सुळावर चढवीन, असं तो त्यांना तोंडावर सांगायचा आणि ते हसण्यावारी न्यायचे. खंडणी भरून सुटका होताच त्याने जहाजं जमवली, त्याच चाच्यांना पकडलं आणि बोलल्याप्रमाणे खरंच क्रुसावर चढवलं.

तो तरुण होता ज्युलियस सीझर.

पण सगळेच सीझर नव्हते. सेक्स्टिलियस आणि बेलिनस नावाचे दोन रोमन अधिकारी त्यांच्या शिपायांसकट आणि सरकारी पोशाखासकट उचलले गेले. चाच्यांवर विजय मिळवल्याबद्दल ज्या मार्कस अँटोनियसची रोममध्ये विजययात्रा निघाली होती, त्याच्याच मुलीला चाच्यांनी इटलीतल्या मिसेनममधून पळवून नेलं. रोमचं स्वतःचं बंदर ओस्टिया, तिथेही घुसून त्यांनी रोमन जहाजं जाळली.

प्लुटार्कने चाच्यांच्या एका क्रूर खेळाचं वर्णन केलंय. पकडलेला माणूस ‘मी रोमन नागरिक आहे’ असं म्हणाला, की चाचे घाबरल्याचं सोंग करायचे. पाया पडायचे, माफी मागायचे. पुन्हा अशी चूक होऊ नये म्हणून त्याला रोमन जोडे आणि झगा घालायचे. मनसोक्त थट्टा झाली, की भर समुद्रात शिडी सोडून म्हणायचे, जा, तू मोकळा आहेस. तो उतरला नाही तर ढकलून द्यायचे.

रोमन नागरिकत्वाचा दरारा किती उरला होता, हे यावरून लक्षात येतं.

रोमने काहीच केलं नाही असं नाही. सर्व्हिलियस वाटिया या सेनापतीने इ.स.पू. ७८ पासून काही वर्षं सिलिशियाच्या आसपास लढून चाच्यांचे बरेच किल्ले घेतले. इ.स.पू. ७४ मध्ये दुसऱ्या एका मार्कस अँटोनियसला (वरच्या अँटोनियसचा मुलगा आणि क्लिओपात्रामुळे गाजलेल्या मार्क अँटनीचा बाप) किनाऱ्यांवर मोठे अधिकार देऊन पाठवलं, पण तो क्रीट बेटावर मार खाऊन बसला. अडचण अशी होती, की एका किनाऱ्यावर हल्ला झाला की चाचे दुसऱ्या किनाऱ्याला लागायचे.

पॉम्पी नेमका होता कोण?

पॉम्पीचा जन्म इ.स.पू. १०६ चा. पूर्व इटलीतल्या पिसेनम भागात त्याच्या घराण्याच्या मोठ्या जमिनी होत्या. बाप सेनापती होता, पण लोकांच्या मनातून उतरलेला. तो वारल्यावर जमिनी, जुने सैनिक आणि ओळखीपाळखी असं सगळं पोराच्या हाती आलं.

इ.स.पू. ८३ मध्ये रोममध्ये यादवी पेटली होती. तेवीस वर्षांच्या पॉम्पीने कुठलंही सरकारी पद नसताना स्वतःच्या बळावर तीन लीजन फौज उभी केली आणि सुल्ला या सेनापतीच्या बाजूने उडी घेतली. सिसिली आणि आफ्रिकेत त्याने सुल्लाचे शत्रू निपटले. यात त्याने पकडलेल्या मोठमोठ्या रोमन पुढाऱ्यांनाही ठार केलं. या काळातल्या क्रौर्यावरून पुढे त्याला ‘पोरसवदा खाटीक’ म्हणून हिणवलं गेलं. दुसरीकडे ‘मॅग्नस’, म्हणजे ‘थोर’, ही पदवीही याच काळात चिकटली.

विजययात्रा काढण्याचा मान मोठ्या पदावरच्या सेनापतींना मिळायचा. पॉम्पीने पद नसताना तो हट्टाने मिळवला. त्याला आपला रथ हत्तींकडून ओढवून घ्यायचा होता, पण शहराची वेस अरुंद निघाली आणि शेवटी घोड्यांवर भागवावं लागलं.

त्यानंतर तो काही वर्षं स्पेनमध्ये सर्टोरियस या बंडखोर रोमन सेनापतीशी लढला. इ.स.पू. ७१ मध्ये परत येताना त्याला स्पार्टाकसच्या उठावातले पळून जाणारे काही हजार गुलाम सापडले. त्याने त्यांना कापून काढलं आणि उठाव आपणच मुळासकट संपवला असं सिनेटला कळवलं. खरी लढाई क्रॅससने जिंकली होती. क्रॅसस हे कधी विसरला नाही.

तरीही इ.स.पू. ७० मध्ये हे दोघं मिळून कॉन्सल झाले. कॉन्सल हे रोमचं सर्वोच्च पद. तिथपर्यंत पोचायला खालची पदं एकेक करून चढावी लागायची आणि वयही चाळिशीपार लागायचं. पॉम्पी ३५ वर्षांचा होता आणि त्याने त्याआधी एकही पद भूषवलं नव्हतं. सिनेटचं कामकाज कसं चालतं हेच त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने वॅरो या विद्वान मित्राकडून त्यावर एक माहितीपुस्तिका लिहून घेतली.

यावरून त्याच्या कारकिर्दीचा ढंग कळतो. नियम सगळ्यांसाठी असायचा आणि पॉम्पीसाठी अपवाद केला जायचा.

एका माणसाला अख्खा समुद्र

इ.स.पू. ६७ मध्ये ऑलस गॅबिनियस नावाच्या ट्रिब्यूनने, म्हणजे सामान्य जनतेच्या प्रतिनिधीने, एक कायदा मांडला. चाच्यांचा बंदोबस्त करायला एकच सेनापती नेमायचा. त्याचा अधिकार पश्चिमेला जिब्राल्टरपासून पूर्वेच्या टोकापर्यंत सगळ्या भूमध्य समुद्रावर चालेल आणि सगळ्या किनाऱ्यांवर आत साधारण ७५ किलोमीटरपर्यंत. मुदत तीन वर्षं. हाताखालचे अधिकारी तो स्वतः निवडेल आणि सरकारी खजिन्यातून पैसेही घेऊ शकेल.

त्या काळी रोमच्या ताब्यातली बहुतेक महत्त्वाची शहरं किनाऱ्यापासून ७५ किलोमीटरच्या आतच होती. त्यामुळे जवळजवळ सगळं रोमन जगच एका माणसाच्या अधिकाराखाली येणार होतं. कायद्यात नाव नव्हतं, पण तो माणूस कोण हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

सिनेट भडकली. एका कॉन्सलने पॉम्पीला बजावलं, की रोम्युलस व्हायला जाशील तर रोम्युलससारखाच संपशील. रोमचा संस्थापक रोम्युलस याला सिनेटर लोकांनीच मारल्याची एक दंतकथा होती, तिचा हा इशारा. सिनेटमध्ये या कायद्याच्या बाजूने बोलणारा एकटा सीझर होता, असं प्लुटार्क म्हणतो.

लोक मात्र ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. पोटाचा प्रश्न होता. ट्रेबेलियस नावाच्या दुसऱ्या ट्रिब्यूनने कायदा रोखण्यासाठी नकाराधिकार वापरला. त्यावर गॅबिनियसने ट्रेबेलियसलाच पदावरून काढण्याचा ठराव मतदानाला टाकला. रोममध्ये मतदारांचे ३५ गट होते. पहिल्या १७ गटांनी ‘काढा’ असा कौल दिला, आणखी एका गटाने तसंच म्हटलं असतं तर बहुमत झालं असतं. ट्रेबेलियसने घाईघाईने माघार घेतली.

रॉसियस नावाच्या ट्रिब्यूनला गोंगाटात बोलताच येईना. त्याने दोन बोटं दाखवून सुचवलं, की निदान दोन सेनापती तरी नेमा. त्यावर जमाव एवढ्या जोरात ओरडला, की वरून उडणारा एक कावळा खाली पडला, असा किस्सा प्लुटार्कने नोंदवलाय.

ज्येष्ठ सिनेटर कॅटुलसने वेगळा मुद्दा काढला. पॉम्पी एवढा मोलाचा आहे, तर त्याला सारखा धोक्यात का घालता? त्याला काही झालं तर दुसरा कोण आहे तुमच्याकडे? लोकांनी उत्तर दिलं, ‘तू आहेस की!’

कायदा मंजूर झाला आणि लोकांनी पॉम्पीला मूळ प्रस्तावापेक्षाही जास्त दिलं. प्लुटार्कच्या आकड्यांनुसार ५०० जहाजं, १,२०,००० पायदळ, ५,००० घोडदळ आणि २४ अधिकारी. दुसरा ग्रीक इतिहासकार अ‍ॅपियन २७० जहाजांचा आकडा देतो. आकडा कुठलाही धरला, तरी एका माणसाला एवढी ताकद देणं रोमसाठी साधी गोष्ट नव्हती.

१३ भाग आणि ४० दिवस

आधीचे सेनापती चाच्यांच्या मागे धावत होते. पॉम्पीने पाठलाग केलाच नाही. त्याने सगळ्या समुद्राचे १३ भाग पाडले. प्रत्येक भागाला एक अधिकारी आणि स्वतंत्र जहाजं दिली. आपापल्या भागातल्या खाड्या, बंदरं, किल्ले एकाच वेळी तपासायचे आणि चाचे सापडतील तिथे कोंडायचे. सिनेटच्या कामकाजाची पुस्तिका लिहिणारा वॅरोही या अधिकाऱ्यांमध्ये होता.

यामुळे पळून जायची वाटच बंद झाली. एका भागातून सुटलेलं जहाज दुसऱ्या अधिकाऱ्याच्या तावडीत सापडायचं.

स्वतः पॉम्पी आधी पश्चिमेकडे गेला. सिसिली, आफ्रिका आणि सार्डिनिया या धान्याच्या वाटा त्याने सगळ्यात आधी मोकळ्या केल्या. यामागचं गणित सोपं होतं. रोमकरांच्या ताटात अन्न पडत राहिलं, तरच त्याला हवा तेवढा वेळ मिळणार होता. हा पश्चिमेचा भाग ४० दिवसांत साफ झाला.

मध्येच घरचा भेदी निघाला. त्याला रोम्युलसची आठवण करून देणारा कॉन्सल पिसो त्याच्या जहाजांवरचे खलाशी कामावरून कमी करत होता. पॉम्पी रोमला गेला. लोक पिसोची कॉन्सलची खुर्ची काढून घ्यायला निघाले होते, पण पॉम्पीने ते होऊ दिलं नाही. आपलं काम उरकून तो ब्रुंडिसियम बंदरातून पूर्वेला निघाला.

तोवर त्याच्याबद्दलची एक बातमी त्याच्या आधीच पूर्वेला पोचली होती. शरण येणाऱ्याला पॉम्पी मारत नाही. त्याने पहिल्यांदा शरण आलेल्यांना बरं वागवलं आणि त्यांच्याकडूनच बाकीच्यांचे पत्ते काढले. मग एकामागून एक टोळ्या बायकामुलांसकट येऊन हजर व्हायला लागल्या.

जे अडून बसले ते सिलिशियात कोराकेसियम इथे जमले. आज हे ठिकाण तुर्कस्तानमधलं अलान्या हे पर्यटनाचं शहर आहे. तिथे समुद्रात लढाई झाली, चाचे हरले, मग किल्ल्याला वेढा पडला आणि शेवटी तेही शरण आले. ब्रुंडिसियम सोडल्यापासून ४९ व्या दिवशी सिलिशिया रोमच्या हातात आलं होतं, असं पॉम्पीच्याच काळातला वक्ता सिसेरो सांगतो. सगळी मोहीम मिळून साधारण तीन महिने.

किल्ल्यांमध्ये जहाजं बांधायचं लाकूड, शिडाचं कापड, शस्त्रं आणि खंडणीची वाट बघत खितपत पडलेले कैदी सापडले. पॉम्पीने कैद्यांना घरी पाठवलं. त्यातल्या कित्येकांना गावी गेल्यावर आपल्याच नावाची स्मारकं उभी दिसली, असं अ‍ॅपियन लिहितो. घरच्यांनी ते मेले असंच धरलं होतं.

२०,००० कैद्यांचं करायचं काय?

पॉम्पीच्या हाती वीस हजारांहून जास्त चाचे लागले, असं प्लुटार्क सांगतो. रोमची नेहमीची पद्धत म्हणजे क्रूस किंवा गुलामांचा बाजार. चारच वर्षांपूर्वी स्पार्टाकसच्या सहा हजार साथीदारांना क्रॅससने रस्त्याच्या कडेने क्रुसावर टांगलं होतं.

पॉम्पीने वेगळा विचार केला. यातले बरेच लोक युद्धामुळे आणि गरिबीमुळे या धंद्यात आले होते. त्यांना तसंच सोडलं तर ते पुन्हा समुद्रावर जाणार. म्हणून त्याने त्यांना किनाऱ्यापासून सोडवून जमिनी दिल्या आणि शेतीला लावलं. सिलिशियातली अदाना, मॅलस अशी ओस पडलेली गावं त्यांच्यामुळे पुन्हा भरली. ग्रीसमधल्या डायमी इथेही काहींना वसवलं. आर्मेनियाच्या राजाने सोली हे शहर रिकामं करून तिथली माणसं आपल्या राजधानीत नेली होती. पॉम्पीने तिथे चाचे वसवले आणि शहराला नाव दिलं पॉम्पीओपोलिस. तुर्कस्तानात मर्सिनजवळ या शहराच्या रस्त्याकडेचे काही दगडी खांब आजही उभे आहेत.

ज्या माणसाला तरुणपणी खाटीक म्हटलं गेलं, त्यानेच हे पुनर्वसन केलं. यात दया किती आणि हिशोब किती, हे ठरवणं अवघड आहे. पण वीस हजार लोक मारायचे तर बाकीचे शेवटच्या माणसापर्यंत लढले असते आणि मोहीम तीन महिन्यांत आटपली नसती, एवढं नक्की.

या यशाला काही डागही आहेत. क्रीटमध्ये मेटेलस हा रोमन सेनापती आधीपासून लढत होता. त्याच्या कडकपणाला कंटाळलेल्या क्रीटच्या लोकांनी मुद्दाम पॉम्पीकडे शरणागतीचा निरोप धाडला. पॉम्पीने आपला अधिकारी तिकडे पाठवला आणि तो चक्क चाच्यांच्या बाजूने मेटेलसशी भांडत बसला. शिवाय चाचेगिरी कायमची संपली असंही झालं नाही. पुढच्या काही वर्षांत पूर्वेच्या रोमन सुभेदारांना चाच्यांसाठी पुन्हा जहाजं उभी करावी लागली. सर्व्हिलियसने आधी केलेल्या कामाचाही पॉम्पीला फायदा झाला होता. पण रोमच्या तोंडचं अन्न तोडण्याइतकी ताकद चाच्यांकडे उरली नाही.

एकदा दिलेली सत्ता

मुदत तीन वर्षांची होती, काम तीन महिन्यांत झालं. मग उरलेल्या सत्तेचं काय?

ती परत घ्यायची वेळच आली नाही. पुढच्याच वर्षी, इ.स.पू. ६६ मध्ये, मॅनिलियस या ट्रिब्यूनने नवा कायदा आणला. मिथ्रिडेटिसविरुद्धचं युद्धही पॉम्पीकडेच द्यायचं आणि आधीचे अधिकार आहेत तसेच ठेवायचे. या वेळी सिसेरोही त्याच्या बाजूने बोलला. पहिल्या वेळी एवढा गदारोळ झाला होता, दुसऱ्या वेळी कायदा सहज पास झाला.

पॉम्पीने मिथ्रिडेटिसला पळवून लावलं, सीरिया रोमला जोडलं आणि इ.स.पू. ६३ मध्ये जेरुसलेम घेतलं. इ.स.पू. ६१ मध्ये आपल्या ४५ व्या वाढदिवसाच्या मुहूर्तावर त्याने दोन दिवसांची तिसरी विजययात्रा काढली. आधीच्या दोन आफ्रिका आणि युरोपच्या विजयांसाठी होत्या, ही आशियासाठी. चाच्यांचे म्होरकेही या मिरवणुकीत चालवले गेले.

इथे पॉम्पीच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वेतून इटलीत उतरल्यावर फौज घेऊन तो रोमचा हुकूमशहा होईल अशी सगळ्यांना भीती होती. त्याने बंदरावरच सैनिकांना घरी जायला सांगितलं. त्याला रोम बळकवायचं नव्हतं, त्याला रोमने आपल्याला सगळ्यात मोठा माणूस मानायला हवं होतं.

पण सिनेटने त्याच्या सैनिकांना जमिनी देण्याचं काम अडवून ठेवलं. चिडलेल्या पॉम्पीने सीझर आणि क्रॅससशी हातमिळवणी केली आणि इ.स.पू. ५९ मध्ये सीझरची मुलगी ज्युलिया हिच्याशी लग्न केलं. त्याच वर्षी सीझरला गॉलमध्ये पाच वर्षांचा मोठा अधिकार मिळाला. तो कसा? ट्रिब्यूनने लोकांपुढे मांडलेल्या कायद्यातून. गॅबिनियसने मळलेली वाट आता सीझर चालत होता. त्या फौजेवरच सीझर पुढे रोमहून मोठा झाला.

पॉम्पीलाही एकामागून एक अपवाद मिळत राहिले. इ.स.पू. ५७ मध्ये पाच वर्षांसाठी धान्यपुरवठ्याचे अधिकार. त्यानंतर स्पेनचे सुभे, जे त्याने स्वतः तिथे न जाता हाताखालच्या अधिकाऱ्यांमार्फत चालवले. इ.स.पू. ५२ मध्ये तर तो एकटाच कॉन्सल झाला, जेव्हा हे पद नेहमी दोघांकडे असायचं.

इ.स.पू. ५४ मध्ये ज्युलिया बाळंतपणात गेली. पुढच्या वर्षी क्रॅसस पार्थियन लोकांशी लढताना मारला गेला. सासऱ्या-जावयाला जोडणारं कुणी उरलं नाही. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत सीझरने फौजेसह रुबिकॉन नदी ओलांडली आणि यादवी सुरू झाली.

या युद्धात समुद्र पॉम्पीच्या हातात होता, त्याचं आरमार सीझरपेक्षा कितीतरी मोठं होतं. तरीही इ.स.पू. ४८ मध्ये ग्रीसमध्ये फार्सालस इथे त्याने जमिनीवर लढाई घेतली आणि तो हरला. आपली खरी ताकद असलेल्या आरमारापासून इतक्या लांब लढणं ही त्याची सगळ्यात मोठी चूक होती, असं प्लुटार्कचं मत आहे.

तो इजिप्तला पळाला. किनाऱ्याजवळ त्याला घ्यायला एक लहानशी होडी आली. होडीत सेप्टिमियस नावाचा रोमन सैनिक होता. चाच्यांविरुद्धच्या मोहिमेत त्याने पॉम्पीच्याच हाताखाली काम केलं होतं. पॉम्पीने त्याला ओळखलं. किनाऱ्याला लागता लागता त्याच सेप्टिमियसने मागून तलवारीचा पहिला वार केला. पॉम्पीची बायको कॉर्नेलिया मोठ्या जहाजावरून हे बघत होती. ५८ वा वाढदिवस तोंडावर आला होता.

मुलगा ठरला ‘चाचा’

कथा इथे संपत नाही. पॉम्पीचा धाकटा मुलगा सेक्स्टस याने सीझरच्या हत्येनंतर सिसिली ताब्यात घेतलं. पळून आलेले गुलाम आणि रोममधून जीव वाचवून निघालेले लोक त्याच्याकडे जमले. त्याने रोमची धान्याची जहाजं अडवली आणि शहरात पुन्हा उपासमार सुरू झाली. बापाने ज्या वाटा मोकळ्या केल्या, त्याच मुलाने बंद केल्या.

इ.स.पू. ३६ मध्ये सीझरचा वारस ऑक्टेव्हियन याच्या आरमाराने सेक्स्टसला हरवलं. हाच ऑक्टेव्हियन पुढे ऑगस्टस या नावाने रोमचा पहिला सम्राट झाला. आपल्या कामगिरीच्या शिलालेखात त्याने सेक्स्टसचं नावही घेतलं नाही. समुद्र चाच्यांपासून मुक्त केला, एवढंच लिहिलं. चाच्यांचा कर्दनकाळ म्हणून गाजलेल्या पॉम्पीचा मुलगा इतिहासात चाचा म्हणून नोंदवला गेला.

आणि ऑगस्टसने राज्य कसं चालवलं? अनेक सुभे स्वतःच्या नावावर आणि तिथे स्वतः निवडलेले अधिकारी. पॉम्पीला अडचणीच्या वेळी अपवाद म्हणून मिळालेली व्यवस्था आता कायमची झाली होती.

रोमचं प्रजासत्ताक फक्त या एका कायद्याने बुडालं असं म्हणता येणार नाही. यादवी, जमिनीचे वाद, सेनापतींशी इमान राखणाऱ्या फौजा अशी त्याची कारणं आधीपासून साठत होती. पण इ.स.पू. ६७ चा तो कायदा आजही चर्चेत येतो. २००६ मध्ये ब्रिटिश कादंबरीकार रॉबर्ट हॅरिस यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून ओस्टियावरचा हल्ला आणि ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला यांची तुलना केली होती. घाबरलेला समाज स्वतःहून किती अधिकार सोडून देतो, हा त्यांचा मुद्दा होता.

त्या दिवशी मत देणारे रोमकर मूर्ख नव्हते. त्यांना भूक लागली होती, धोका खरा होता आणि निवडलेला माणूस कामाला खरोखर लायक होता. त्याने दिलेला शब्द पाळलाही. कॅटुलसचा प्रश्न मात्र तसाच राहिला. सगळं एकाच माणसावर सोपवलं, तर त्याच्यानंतर काय? पुढच्या चाळीस वर्षांत रोमला त्याचं उत्तर मिळालं.